मफलरवाल्यांचं राहिलेलं उत्तर

"अडत्याशिवाय शेतकऱ्याला कोणी वाली नाही" हे वाक्य वाशीमच्या एसटी स्टँडसमोरच्या एका हॉटेलात भर दुपारी, मोठ्यानं बोललं गेलं. बोलणारं तोंड एकाचं होतं आणि वाक्य दुसऱ्याचं. वाक्य माझं होतं. इतकी वर्षं ते त्या तोंडाच्या नावावर राहिलं आणि मी राहू दिलं. आता ते परत माझ्या नावावर घ्यायचं आहे, म्हणून लिहितो. पण लिहायला बसलो की आधी आठवतो तो त्या दुपारचा आनंदच. या वयातही छातीत धडधडतं. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा मी पंचविशीत होतो. रिसोडला आमची अडत होती. शेतकऱ्याची गाडी आमच्या दुकानासमोर उतरायची, ज्वारी-तुरीचा लिलाव व्हायचा आणि विक्रीवर आम्हाला अडत, म्हणजे कमिशन, मिळायची. माल बाहेरगावी रेल्वेनं जायचा. त्यासाठी वॅगन मिळवायला मी सारखा वाशीमला यायचो. स्टेशनवरचं काम झालं की परतीच्या बसला वेळ असायचा, आणि तो वेळ मी स्टँडसमोरच्या हॉटेलात काढायचो.

हॉटेल एका मुसलमान गृहस्थांचं होतं. मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर लाल रुमाल. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. गल्ल्याच्या वर एक पत्र्याची पाटी होती: येथे राजकीय चर्चा करू नये. आणीबाणीत त्या पाटीची गरजच नव्हती. माणसं चहा प्यायची, पावसापाण्याचं बोलायची, आणि शेजारी कोण बसलंय ते पाहून तेही आवरतं घ्यायची.

निवडणूक जाहीर झाली आणि दोन-चार दिवसांत चाचांनी ती पाटी काढली. फेकली नाही. पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली, अक्षरं खाली करून. मी आत पाऊल टाकलं तर हॉटेलात हा कालवा! जणू गावभरची तोंडं एकाच वेळी उघडली होती. कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं आणि मला ते न कळणंच इतकं आवडलं की मी माझी बस सोडली.

पण आठवड्याच्या आत दोन बाक मोडले, एकाची कॉलर फाटली आणि भज्यांचं ताट नालीत गेलं. तेव्हा चाचांनी कायदा केला. गल्ल्यावर उभे राहून त्यांनी तो मोठ्यानं सांगितला.

"सुनो रे भाई! इधर बहस करना है तो पैले सामनेवाले की बाजू बोलो. ऐसी बोलो के वो खुद बोले, बराबर. फिर अपनी बोलो. और किसी का नाम, गाव, जात पूछना नहीं. गाली दिया तो चाय बंद."

"चाचा, मंग पेपर बी लिहून घ्या आमचा," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. हॉटेल हसलं.

पण कायदा लागू झाला. शिवी देणाऱ्यापुढे चाचा रिकामा ग्लास पालथा ठेवायचे. पालथा ग्लास पुढे आला की माणूस पैसे ठेवून गुपचूप बाहेर पडायचा, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी परत यायचा.

नावं नव्हती म्हणून अंगावरच्या खुणांनी हाका पडल्या. टोपीवाले, छत्रीवाले, पानवाले, सायकलवाले. मी चष्मेवाला. टोपीवाले म्हातारे होते आणि तापट होते. समोरच्याची बाजू सांगायला ते उभे राहायचे, "हे म्हनतात का..." इथवर यायचे आणि एकदम, "काही बी म्हनतात!" असं ओरडून खाली बसायचे. अख्खं हॉटेल त्यांची वाट पाहायचं.

मफलरवाले मला तिथंच भेटले. माझ्याच वयाचे, किडकिडीत, गळ्यात तपकिरी मफलर. वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून वाचायची सवय. वाशीमजवळच्या मालेगावच्या बसनं ये-जा करायचे. नाव-गाव कायद्यानं विचारायचं नव्हतं, तरी बोलण्यातून काही गोष्टी कळतातच. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला होता. घरी थोडी कोरडवाहू शेती होती. बहात्तरच्या दुष्काळात ते कॉलेज सोडून खडी फोडायला गेले होते.

आमचा वाद पहिल्याच दिवशी लागला. मी म्हणालो, सरकारनं व्यापारात पडू नये. लेव्ही म्हणून सक्तीनं ज्वारी नेतात, भाव पाडतात आणि पैसे वेळेवर देत नाहीत. ते उठले आणि चाचांच्या कायद्याप्रमाणे माझीच बाजू बोलायला लागले.

मी आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं! माझ्या वडिलांच्या दुकानावर शेतकरी कोणत्या वेळी येतो, कसा बसतो, पैसे मागायच्या आधी काय काय बोलतो, हे सगळं त्यांनी असं मांडलं की मला वाटलं हा माणूस आमच्या गादीवर बसून गेला असावा.

"बराबर?" त्यांनी मला विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हणालो. माझे कान गरम झाले होते.

"आता माह्यं आइका," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की बहात्तर साली सरकारी काम आणि रेशनवरची परदेशी, लाल मिलो ज्वारी नसती तर त्यांच्या वस्तीतली माणसं जगली नसती. त्या साली कोणत्या अडत्यानं कोणाला किती दाणे दिले, ते त्यांनी मलाच विचारलं. मग माझी पाळी. त्यांची बाजू मी तीनदा सांगितली तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली.

"मिलो ज्वारी खाल्ली हाय का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग तुमाले अर्धंच जमलं. पन चालते."

त्या दोन महिन्यांत मी वॅगनच्या कामाला गरजेपेक्षा जास्त वेळा वाशीमला गेलो. बसमध्ये बसल्या बसल्या मी त्यांची बाजू मनात जुळवायचो, आणि जुळवता जुळवता कधी कधी मलाच ती पटायची आणि मी घाबरायचो. घरी जेवताना वडील काही बोलले की माझ्या डोक्यात मफलरवाले उत्तर द्यायला लागायचे. निकाल आले त्या दिवशी चाचांच्या रेडिओभोवती एवढी गर्दी झाली की चहा हातोहात, डोक्यांवरून पुढे सरकत होता. जिंकलेल्यानं हरलेल्याला चहा पाजायचा असं आपोआप ठरलं. टोपीवाल्यांनी तर स्वतः हरूनही जिंकणाऱ्याला पाजला आणि वर म्हणाले, "याले पाजतो, कारन हा दोन साल बी टिकत नाही!" हॉटेल हादरेल एवढा हशा झाला.

निवडणूक संपली तरी आमचं बोलणं संपलं नाही. विषय कापसाच्या सरकारी खरेदीवर गेला, रोजगार हमीवर गेला, वाशीमचा स्वतंत्र जिल्हा व्हावा की नाही यावर गेला. दोन वर्षं गेली. एवढा जवळचा झालेला माणूस, आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मग पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या. त्यांच्या भागातून मफलरवाले उभे राहिले. मला ते छत्रीवाल्यांनी सांगितलं. मी त्यांचं अभिनंदन केलं तर ते हसले.

"तुमच्यासारख्या अडत्याच्या विरोधातच उभा हाय," म्हणाले. ते खरं होतं. त्या भागात समोरच्या उमेदवारामागे रिसोड-मालेगावचे अडते होते. माझे वडील त्यांत होते.

आता त्या दुपारबद्दल. हॉटेल भरलेलं होतं. कापसाच्या खरेदीवर वाद पेटला होता आणि माझं बोलून झालं होतं. मफलरवाले उभे राहिले. "चष्मेवाल्यायची बाजू बोलतो," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. निवडणुकीच्या सभा घेऊन त्यांचा आवाज चढा झाला होता आणि हातवारे वाढले होते. ते बाकावरच चढले.

"अडत्याशिवाय शेतकऱ्याला कोणी वाली नाही! सरकार कापूस नेते आन पैशाले महिनोन्‌महिने रडवते. पोरगी लग्नाले आली, सरकार येते का? मानूस दवाखान्यात पडला, सरकार येते का? अडत्या येते! आन ते रोजगार हमी, त्यानं मजूर आळशी झाला. बंद करा ते!"

यातली पहिली आणि शेवटची वाक्यं मी तासाभरापूर्वी बोललो होतो. अक्षरशः तसंच.

हे चालू असताना मालेगावची बस आली होती. तिच्यातून उतरलेली तीन-चार माणसं चहासाठी दाराशी येऊन थबकली होती. मी त्यांना पाहिलं. ती आ वासून बाकावरच्या माणसाकडे पाहत होती. ती त्यांच्याच वस्तीतली होती, हे मला नंतर कळलं. "चष्मेवाल्यायची बाजू बोलतो" हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

"बराबर?" मफलरवाल्यांनी मला विचारलं.

"शंभर टक्के!" मी टाळी वाजवली. दाराशी उभ्या असलेल्यांनी तेही पाहिलं. रिसोडच्या बाजारात पाहिलेला अडत्याचा पोरगा टाळ्या वाजवतो आहे.

ते "आता माह्यं आइका," म्हणणार तेवढ्यात बाहेर कंडक्टर ओरडला, "मालेगाव, मालेगाव!" बस तशीच वळून परत निघाली होती. मफलरवाल्यांना त्या संध्याकाळी गावात सभा होती. त्यांनी बाकावरून उडी मारली, "माह्यं उत्तर राह्यलं! पुढच्या बारीले!" असं मला ओरडून सांगितलं आणि दारातल्या माणसांमधून वाट काढत धावले. घाईत त्यांनी त्या माणसांची तोंडंही पाहिली नाहीत.

काही दिवसांनी ते हॉटेलात आले. सरळ माझ्यासमोर बसले. चहा घेतला नाही.

"चष्मेवाले, लोक म्हनून राह्यले का मले अडत्यायनं विकत घेतलं. माह्या तोंडानं आइकलं म्हनतात. रोजगार हमी बंद करा म्हनलो मी."

"पण ते तर माझं होतं!"

"तेच सांगून राह्यलो आठ दिवसापासून. कोनाले पटत नाही. दुसऱ्याचं बोलनं कोन एवढं जीव लावून बोलते, म्हनतात." त्यांनी पहिल्यांदा मला आपल्या गावाचं नाव सांगितलं. "रयवारी या. वस्तीसमोर येवढंच म्हना का ते बोलनं तुमचं होतं. बाकी काही नोको. मी लोकायले सांगून ठेवतो, जेचं बोलनं हाय तो मानूस येऊन राह्यला."

"येतो ना, त्यात काय!" मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो. मला तर ती मोठी मजेची गोष्ट वाटली होती. हॉटेलाचा कायदा गावात नेऊन दाखवायचा!

घरी मी वडिलांना सांगितलं. पुढची कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आलो की वडिलांनी मला अडवलं. ते खोटं आहे. वडील ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "आपला माणूस उभा आहे तिथं. तुझं तू पाहा."

मी माझं पाहिलं. मला आठवलं की चाचांच्या कायद्याप्रमाणे नाव-गाव बाहेर काढायचं नाही. मग मी त्यांच्या गावी जाऊन आपली ओळख सांगायची म्हणजे तो कायदा मोडणं नाही का? हा मुद्दा मला इतका चोख वाटला की मी त्यावर खूशही झालो. रविवारी दुकानासमोरून वाशीमची बस गेली. पुढच्या बसनं जाऊ म्हटलं. पुढचीही गेली.

मफलरवाले हरले. अडत्यांचा माणूस निवडून आला. आमच्या दुकानासमोर पेढे वाटले गेले आणि मी ते वाटले.

त्यानंतर वाशीमला गेलो तेव्हा हॉटेलात गेलो. बाकावर बसलो, एक कट चहा सांगितला. चाचा स्वतः आले आणि माझ्यासमोर ग्लास ठेवला. पालथा.

"चाचा, मी काय शिवी दिली? नाव-गाव काढायचं नाही हा तुमचाच कायदा ना?"

"मैंने वो कायदा बोलने के वास्ते बनाया था, बेटा," ते म्हणाले, "छुपने के वास्ते नहीं."

मी पैसे ठेवून बाहेर पडलो. बाकीचे दुसऱ्या दिवशी परत यायचे. मी गेलो नाही. मफलरवालेही परत तिथं आले नाहीत, असं पुढे छत्रीवाल्यांकडून कळलं. चाचा गेले. हॉटेलाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

आणि मोबाइलनंच हे परत वर काढलं. नातवानं मला एका ग्रुपमध्ये घातलं. जिल्हाभरची अनोळखी माणसं, राजकारण, निवडणुका, सोयाबीनचे भाव. मला पहिल्याच दिवशी चाचांचं हॉटेल आठवलं आणि मी हरखून गेलो! दिवसभर वाचत बसायचो. पण तिथं शिव्या फार. एका दुपारी राहवलं नाही. बोटानं एकेक अक्षर दाबत मी चाचांचा कायदा लिहिला, आधी समोरच्याची बाजू सांगा, तो बरोबर म्हणाला की आपली सांगा. दोघा-तिघांनी हसण्याची चित्रं टाकली. मग एका मुलीचा मजकूर आला.

"काका, हा नियम आमचे आजोबा सांगतात. घरात भांडण झालं की पहिले दुसऱ्याचं सांग म्हणतात. तुम्ही त्यांना ओळखता का? गावात अजूनही आम्हाला अडत्याच्या घरचे म्हणतात. का म्हणतात ते आजोबा सांगत नाहीत."

खाली गावाचं नाव होतं. मला ते पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची बस धरली. मुलगा म्हणाला, ऊन फार आहे, गाडी करून देतो. मी म्हणालो, बसनंच जायचं आहे. रस्ताभर मी त्यांची बाजू मनात जुळवत होतो, पूर्वीसारखीच, आणि पूर्वीसारखीच छाती उडत होती.

विहाराच्या ओट्यावर, सावलीत, चार-पाच म्हातारे बसले होते. त्यांतल्या किडकिडीत माणसाच्या हातात वर्तमानपत्र होतं. शेवटचं पान उघडं.

"मफलरवाले," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं.

"येवढ्या उन्हाळ्यात मफलर कोन घालते," ते म्हणाले. "चष्मेवाले ना? चष्मा कुठी हाय?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं."

"मंग आता दिसते का बराबर?"

म्हातारे हसले. मी उभाच होतो. "मी सांगायला आलोय," मी म्हणालो. "ते बोलणं..."

त्यांनी हात वर केला. "कायदा इसरले का? पयले माह्यी बाजू."

मी तयारीच करून आलो होतो. "माझ्यामुळे तुम्ही निवडणूक हरलात."

"नाही. निवडनुकीत लोक हरतातच. दुसरं."

"तुमच्याच माणसांनी तुम्हाला विकला गेलेला समजलं. तुमच्या मुलांना, नातवंडांना ते ऐकावं लागलं."

"जवळ आले. पन नाही."

त्यांनी मदत केली नाही. मी रस्त्याकडे पाहिलं, मी उतरलो होतो तो फाटा ओट्यावरून सरळ दिसत होता, आणि तेव्हा मला समजलं.

"त्या रविवारी तुम्ही सगळ्यांना घेऊन इथं बसला होतात," मी म्हणालो. "ज्याचं बोलणं आहे तो येतोय, असं सांगून. बस आली, कोणी उतरलं नाही. पुढची आली. तोवर लोकांना नुसता संशय होता. मी आलो नाही, म्हणून ते खरं ठरलं."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"बराबर," ते म्हणाले. आवाज चिरका झाला होता, पण मोठा होता. "आता तुमची बोला. अशी नोको. ओट्यावर चढून. सगळ्यायले आइकू जाऊ द्या." आणि घराकडे तोंड करून त्यांनी नातीला हाक मारली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. बायका आल्या, पोरं आली, ट्रॅक्टरवरचा एक जण ट्रॅक्टर बंद करून आला.

मी ओट्यावर चढलो. गुडघे दुखत होते. रिसोडचा अडत्या म्हणून मी माझी ओळख करून दिली आणि म्हणालो, हे बोलणं माझं आहे, तेव्हाही माझंच होतं, यांनी फक्त कायद्याप्रमाणे ते बोलून दाखवलं होतं. मग मी ते सगळं बोललो. अडत्याशिवाय शेतकऱ्याला कोणी वाली नाही. रोजगार हमी बंद करा. त्या वस्तीसमोर, माझ्या तोंडानं. समोर बसलेल्या एका म्हातारीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "हा बुढा काय बोलून राह्यला?" त्या आठ्या या वेळी योग्य माणसाकडे पाहून पडल्या होत्या. मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो.

मफलरवाले उठले. नातीनं हात पुढे केला, तर नको म्हणाले.

"झालं तुमचं? आता माह्यं आइका. राह्यलं होतं."

फाट्यावर वाशीमची बस येऊन थांबली आणि कंडक्टरनं घंटी मारली. नातीनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमची बस."

"जाऊ दे तिले," मफलरवाले म्हणाले, आणि बोलायला लागले.